कोकरं लुळी का निघाली

आई, ती लुळी कोकरं तुझ्यामुळं जन्मली नव्हती. एवढंच सांगायचं होतं. तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते, मला काय ठाऊक असणार!

तुझं बाळ मेलेलं जन्मलं, त्याच साली आपली कोकरं मागचे पाय ओढत निघाली. उठायला बघायची, कंबर डुलायची, की बसलीच. मूल गेलेल्या बाईनं मेंढ्या विताना मेंढवाड्यात पाऊल टाकायचं नाही, असा आपल्यात रिवाज. आबा तुळजापूरला गेलेले, एक मेंढी अडली, म्हणून तू आत गेलीस आणि तिला सोडवलंस. आबा परतल्यावर तू पांढऱ्या पायाची ठरलीस. तू चुलीपुढं मान खाली घालून म्हणतेस, "अवो, गाईचं वासरू तर ठणठणीत हाय की. तिलाबी म्याच चारा घालते." आबा म्हणतात, "गाय लक्ष्मी हाय. तिला न्हाय बाधत." झालं. त्यानंतर मेंढ्या विण्याच्या दिवसांत तू कायमची बाहेर.

आता मी जनावरांची डॉक्टर आहे, कळंबला असते. गेल्या हंगामात आपल्याकडं पुन्हा तशीच कोकरं झाली. त्याआधी वैनीचं मूल पाचव्या महिन्यात पडलं होतं, त्यामुळं दोष कुणाचा याची आबांना शोधाशोध करावीच लागली नाही. मी मेलेल्या कोकराचं यकृत आणि मेंढ्यांचं रक्त तपासायला पाठवलं. दोन्हींत तांबं कमी. कोकरू पोटात असताना तांबं आईकडूनच घेतं, तिच्याकडंच नसलं तर त्याच्या पाठीच्या कण्यातल्या नसा नीट बनत नाहीत. वासराचं तसं नसतं. गाईच्या अंगात कमी असलं तरी पोटातलं वासरू तिच्याकडून ओढून घेतं. म्हणून आपलं वासरू उड्या मारत होतं. लक्ष्मी-बिक्ष्मी काही नाही.

आबांना हे सगळं समजावून सांगितलं. ते भाकरी चुरत होते. "व्हय का? मग दे की औषध. पर सून आत नगं."

यंदा मेंढ्या गाभण असतानाच मी बेताबेतानं तांब्याचं औषध पाजलं. परवा सकाळी पहिली मेंढी व्याली. कोकरू धडपडलं, पडलं, आणि चारी पायांवर उभं राहिलं. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ पोरी, ती आली न्हाय तर कसं उभं राह्यलं!"

वैनी कुंपणापलीकडंच होती. तिनं ऐकलं. मी कोकराचं तोंड पुसत बसले. औषधाचं तेव्हा बोलायला पाहिजे होतं, शब्द तोंडात होते, पण बाहेर काढावेसेच वाटले नाहीत. मग आबांनी गूळ वाटला.

हे पाठवणार तरी कुठं, म्हणून तुला खरं सांगते. मला राग आला नाही गं. लई भूक लागली होती. मी गूळ खाल्ला, आणि वैनीचा खडा तिला कुंपणावरूनच दिला.