संत निकोलाचं काळं नाक

२२ नोव्हेंबर
बायकोला, देसांकाला, शहरातल्या दवाखान्यात नेलं. खोकला थांबत नाही. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासून विचारलं, घरात धूर कशाचा? म्हटलं, फक्त तसबिरीपुढची मेणबत्ती. म्हणाल्या, मग आधी तीच बदला. पॅराफिन नको, रंग नको, वास नको. शुद्ध मेण, सुती वात आणि उघडी खिडकी.
घरी येऊन तसबीर नीट पाहिली. संत निकोलाचं नाक काळं.
मेणबत्ती कुणाच्या हातची? मेव्हण्याच्या, रादोयित्साच्या. गावभर मेणबत्त्या तोच करून देतो. सख्ख्या बहिणीच्या छातीत धूर भरतो! चर्चचं कारभारीपणही माझ्या तोंडचं यानेच पळवलं. त्याबद्दल मी त्याला क्षमा केली आहे. नऊ वर्षं झाली, रोज करतो.

२३ नोव्हेंबर, सकाळी
संकल्प. १९ डिसेंबरला आमच्या घराण्याच्या संताचा, निकोलाचा सण. त्या दिवशी फादर गाव्रिलो आणि सगळ्या पाहुण्यांसमोर रादोयित्साला उघडं पाडायचं. तोवर गोड बोलायचं.

२५ नोव्हेंबर
टेस्ट. ज्योतीवर पांढरी बशी धरली. काळी झाली. शुद्ध मेण चावलं तर दाताला चिकटत नाही म्हणतात. चावलं. चिकटलं. दाढेत भरलेलं सिमेंट घेऊनच बाहेर आलं. पुरावा डबीत ठेवला आहे.

२८ नोव्हेंबर
नाताळचा उपास सुरू. मांस, दूध, अंडी बंद. रागही बंद.
रादोयित्सा बेकरीपाशी भेटला. म्हणाला, काय दाजी, गाल सुजलाय? ताईने लाटणं फेकून मारलं की काय? बेकरीवालीसुद्धा हसली. मीही हसलो. लक्षात ठेवलं.

३ डिसेंबर
सर्वांत संताप याचा की मेण त्याला मीच देतो. माझ्या मधमाश्यांचं. दरवर्षी दोन ढेपा नेतो आणि त्यात काय मिसळतो देव जाणे.
मी मिसळतो ते वेगळं. तीन वर्षांमागे मधमाश्या आजारी पडल्या, ढेपा भरेनात, तेव्हा दुकानातलं पांढरं पॅराफिन थोडं घातलं. त्याने मेण थंडीत तडकत नाही. पुढल्या दोन्ही वर्षी घातलं, यंदाही घातलं, कारण थंडी दरवर्षी असते. याला सुधारणा म्हणतात. भेसळ मेव्हणा करतो.

९ डिसेंबर
देसांका म्हणाली, अहो, सणापर्यंत ती मेणबत्ती लावूच नका ना. म्हटलं, छे, मग नाक पुरेसं काळं कसं होणार? ती खोकत आत गेली. मनाला लागलं. प्रार्थना केली. खिडकी बोटभर उघडली.

१४ डिसेंबर
शेजारच्या झिवानाबाईंकडे बशी घेऊन गेलो. त्यांची मेणबत्तीही रादोयित्साचीच. बशी स्वच्छ! म्हणजे परक्यांना शुद्ध आणि बहिणीला विष. आता तो सुटत नाही. भाषण पाठ केलं. शेवटी क्षमेचं एक वाक्य आहे, पण ते वेळ उरला तर.

१९ डिसेंबर, संध्याकाळी
फादरांनी सणाच्या पावाला आशीर्वाद दिला, मासे वाढले, मी उठलो. आमच्या मेणबत्तीवर बशी धरली: काळी. झिवानाबाईंची मेणबत्ती उसनी आणली होती, तिच्यावर दुसरी बशी धरली: पांढरी. भाषण केलं. विष हा शब्द चारदा आला.
रादोयित्साचा घास हातातच राहिला. म्हणाला, दाजी, गावाला मी मधमाश्यावाल्या स्तोयादिनकडचं मेण वापरतो. तुमच्या घरची तेवढी तुमच्याच ढेपांची करतो. तुमच्या माश्यांचं मेण तुमच्याच संतापुढे जळावं, एवढंच. पातेलंसुद्धा वेगळं ठेवलंय हो त्याला.
फादरांनी विचारलं, ल्युबिवोये, मेणात काय घालतोस?
मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो. देसांका म्हणाली, पॅराफिन, फादर. ढवळायला मीच होते.
मग आधी का बोलली नाहीस, असं मी विचारलं. म्हणाली, मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.
सणाची मेणबत्ती मध्येच विझवता येत नाही. सगळ्या खिडक्या उघडल्या. चौदा पाहुणे ओव्हरकोट चढवून, टोप्या कानांवर ओढून, गार मासे खात बसले. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, सगळे मेणबत्ती कितपत उरली ते पाहत होते. शेवटी बुडखा उरल्यावर, रीतीप्रमाणे, यजमान म्हणून मीच तिच्यावर वाइनचे थेंब टाकले. तीही धूर सोडूनच विझली.

२० डिसेंबर
सकाळी रादोयित्सा येऊन नवी मेणबत्ती ठेवून गेला. स्तोयादिनच्या मेणाची. भाषणाचा विषय काढला नाही. दाजी, दाढ दाखवून घ्या, एवढंच म्हणाला.
देसांकाने ती लावली. बशी धरून पाहिली. पांढरी. मग ओल्या फडक्याने निकोलाचं नाक पुसलं. सकाळपासून दोनदाच खोकली.
मी नऊ वर्षं रोज क्षमा करत होतो. त्याने एकदाच केली आणि संपवलं.