बुचावरचं मेण

अण्णा,

आज इंग्रजी तिसरीच्या मुलींना चुन्याची निवळी करून दाखवली आणि शाळेतून घरी आले ती तुमच्यावर धुमसतच. हातपाय धुतले, चहा करून प्यायले, तरी राग उतरेना, तेव्हा कागद पुढे ओढला. तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण तुम्ही होतात तेव्हा तुमच्यावर रागावायची आमच्या घरात पद्धत नव्हती, मग मी रागवायचं तरी कधी? पत्र पाठवायला पत्ता नाही हे मला कळतं. तरी लिहिणार आहे, आणि तुम्ही मधे बोलू शकत नाही याचा आज मला आनंदच आहे.

मुरुडच्या आपल्या घरातलं स्वयंपाकघर तुम्हाला आठवत असेल तर त्यातली खिडकीखालची फळीही आठवत असेल. ती माझी फळी. आई गेल्यावर घर आत्याच्या हाती आलं, चूल तिची, देव तिचे, सोवळं तिचं, आणि त्या सगळ्यात ती एक फळी तेवढी माझी. चौथी झाल्यावर तुम्ही माझी शाळा बंद केलीत, कारण पुढचे इंग्रजी वर्ग मुलग्यांचे होते आणि ते तुम्हीच शिकवत होतात. शाळेत सृष्टिज्ञानाचं सामान म्हणाल तर एक फुटकं भिंग आणि एक जगाचा नकाशा. मग तुम्ही संध्याकाळी घरी येऊन उपरणं खुंटीला लावायच्या आत सांगायचात, "परवा ज्वलन आहे," किंवा "सोमवारी आम्लं घ्यायची आहेत," आणि मी कामाला लागायची. कंदिलाच्या काचेखाली मेणबत्ती किती वेळ जळते ते मी बघून ठेवलेलं. जास्वंदीच्या फुलांचं पाणी लिंबाने लाल होतं आणि पापडखाराने हिरवट, हे तुमच्या पुस्तकात नव्हतं, पुस्तकात कसलासा विलायती कागद होता जो मुंबईतही मिळायची मारामार. दोन करवंट्या आणि माडाच्या झावळीचा हीर घेऊन तराजूही मीच केला. सगळं मी आधी दोनदा करून बघायचे, फसलं तर का फसलं ते तुम्हाला सांगायचे, मग तुम्ही ते टोपलीत घालून शाळेत न्यायचात. मी दारापर्यंत.

आणि पपईचे देठ. निवळीत एका नळीने सगळ्या मुलांनी फुंकायचं म्हणजे उष्टं होणार, आणि तुमच्या वर्गात भटांची, कोळ्यांची, मुसलमानांची पोरं एका बाकावर, घरोघरी त्यावरून गजहब झाला असता. तुम्ही तो प्रयोगच गाळायला निघाला होतात. मी म्हटलं, पपईच्या पानाचा देठ आतून पोकळ असतो, प्रत्येकाला आपला आपला देऊ. एका वर्षी शाळाखात्याचे डिपोटी साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी देठांचं फार कौतुक केलं, हे तुम्हीच जेवताना सांगितलंत. "साहेब म्हणाले, मास्तर, तुम्ही कल्पक आहात." मी तुम्हाला आमटी वाढत होते. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात, आणि तेवढ्यावर मी आठवडाभर खूष होते. आता आठवलं की त्या आमटीचं पातेलं तुमच्या पुढ्यात आदळावंसं वाटतं.

नाही, तुम्ही मला काहीच दिलं नाहीत असं नाही. आगबोटीने मुंबईहून आलात तेव्हा धोतराच्या घडीत गुंडाळून एक काचेची नळी आणलीत. "ही तुझी," म्हणालात. तशी वस्तू गावात कोणाकडे नव्हती. मी ती फळीवर मऊ फडक्यात ठेवायची आणि रोज पुसायची. पण मला नळीपेक्षा दुसरंच काही हवं होतं, आणि ते तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. मला एकदा तुमचा वर्ग बघायचा होता. माझ्या हातचं नितळ पाणी पोरांच्या श्वासाने पांढरं होतं तेव्हा त्यांचे चेहरे कसे होतात, ते मला बघायचं होतं. मी एवढी हट्टाला पेटले की शेवटी तुम्ही शब्द दिलात, पुढच्या तपासणीला निवळीचाच पाठ घेईन आणि तुला मागच्या खिडकीशी उभी करीन. आत्या म्हणाली, "घोडनवरी झाली, आता शाळेच्या खिडक्यांशी उभी करा तिला." तरी तुम्ही शब्द मागे घेतला नाहीत.

त्या निवळीसाठी मी भट्टीवरून शिंपल्यांचा ताजा चुना आणवला. पाण्यात ढवळून बसू दिला, वरचं नितळ तेवढं हलक्या हाताने ओतून घेतलं. त्याला वारा लागला की वर सायीसारखा पापुद्रा धरतो आणि मग त्यात दम राहत नाही, म्हणून बाटली गळ्यापर्यंत भरायची, बूच मारायचं आणि बुचावर मेण ओतायचं. तपासणीच्या दिवशी सकाळी उठून मी मेण ओतलं, चांगलं जाड. बाटली टोपलीत ठेवली, देठ ठेवले, नळी ठेवली. आणि मग मला कळलं की मी बाजूला बसायला हवं.

म्हणजे खिडकी गेली. मागच्या पडवीत गोणपाटावर बसून मी रडले, पण बाटलीची मला काळजी नव्हती. बाटली चोख होती. मी नसले तरी पाणी पांढरं होणारच होतं, आणि तुम्ही संध्याकाळी येऊन सांगणारच होतात.

तुमच्या आधी टोपली आली. कोळीवाड्यातला तुमचा तो उंच विद्यार्थी, ज्याला तुम्ही फुंकायला पुढे बोलावलंत, तो ती घेऊन मागच्या बाजूने आला आणि कुंपणापलीकडेच थांबला. मी विचारलं, किती पांढरं झालं? तो म्हणाला, "पांढरा कसला, बाय? मी जीव तोरून फुकला. पानी होता तसाच. साहेब हसाया लागला."

"बाटली उघडायला सुरी घेतली का मास्तरांनी?"

"सुरी कशाला? बूच नुसत्या हातान् निंगाला."

मग तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "मास्तर साहेबाला बोलले, घरच्या पोरीन् केला व्हता, तिनं नासवला."

अण्णा, हे वाक्य मी अजून गिळू शकलेली नाही. इतकी वर्षं पोरं टाळ्या वाजवायची तेव्हा तो प्रयोग तुमचा होता. देठ तुम्हाला सुचले होते, जास्वंद तुम्हाला सुचली होती. ज्या एका दिवशी फसलं, त्या दिवशी भर वर्गात तुम्हाला आठवलं की घरी एक मुलगी आहे.

तुम्ही आलात ते पुढच्या दाराने, आणि मागे फिरकला नाहीत. पानावर बसल्याचा आवाज आला तेव्हा मी पडवीच्या उंबऱ्यापाशी येऊन विचारलं, "अण्णा, बुचावर मेण होतं का?"

"डिपोटींसमोर माझं हसं झालं, आणि तू मला मेण विचारतेस?"

"पण हाताने निघालं म्हणजे कोणीतरी आधी उघडलं होतं. मी जाड ओतलं होतं."

आतून आत्या म्हणाली, "अगो, विटाळात हात लावलास त्याला. नासेल नाही तर काय होईल?"

मी तुमच्या उत्तराची वाट बघत होते. कार्याला कारण असतं, मुलांनो, हे तुम्ही वर्गात किती वेळा सांगत असाल. घरात माझ्यासमोर पाठ म्हणून दाखवायचात तेव्हा तर नेहमीच. विटाळाने चुना नासत नाही, एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही म्हणालात, "ऐकलंस ना? यापुढे माझ्या सामानाला हात लावायचा नाही." तुमच्या सामानाला. चार दिवस संपून मी घरात आले तोवर फळी रिकामी झाली होती. काचेची नळी तुम्ही शाळेत नेलीत आणि ती तिथे कोणाच्या तरी हातून फुटली, हेही मला दुसऱ्यांकडून कळलं. त्यानंतर तुम्ही निवळीचा पाठ तोंडीच घेऊ लागलात. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.

नवरा गेल्यावर मी माहेरी परत आले तेव्हा आत्या पार वाकली होती. एक दिवस आम्ही दोघी ताडपत्रीवर आमसुलं उलथत बसलो होतो, आणि तिने हवापाण्याचं बोलावं तसं सांगितलं. "ती तुझी बाटली मी ओतून दिली होती गो. परक्यांची पोरं तोंड लावणार, त्यांना का विटाळाचं पाणी पाजायचं? आपल्या विहिरीचं स्वच्छ भरून ठेवलं." मी म्हटलं, मग अण्णांना का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "सांगितलं की. त्याच दिवशी, तू पडवीत परत जाऊन बसलीस तेव्हा. ऐकून घेतलंन. मग ताकभात मागितलान."

आत्यावर माझा राग नाही. तिच्या लेखी पाणी म्हणजे पाणी, दोन्ही नितळ, दोन्ही बाटलीत, आणि तिने तर परक्या पोरांचं भलंच बघितलं. तुम्हाला मात्र दोन्हींतला फरक कळत होता. तुम्हाला माहीत झालं होतं, भात कालवता कालवता माहीत झालं होतं, आणि चार पावलांवर मी बसले होते. आत्याने तुम्हाला लहानाचं मोठं केलं, तिला दुखवायचं नव्हतं, हे मी समजू शकते. मग मला एकटीला सांगायचं होतंत. पडवीत येऊन हळूच म्हणायचं होतंत, पोरी, तुझी निवळी बरोबर होती. तेवढ्याने तुमचं काय जाणार होतं? मी सासरी गेले ती आपल्या हातात काही दोष आहे हे मनात धरून गेले. लोणचं घालताना हात आखडता घ्यायची. दह्याला विरजण लावायला जावेला सांगायची. शिकवणाऱ्या माणसाने मुलीच्या डोक्यात ही खोटी गोष्ट राहू दिली, आणि जन्मभर पोरांना निरीक्षण करा, निरीक्षण करा म्हणून सांगितलं. मला लाज वाटते तुमची.

ट्रेनिंग घेऊन मी मुलींच्या शाळेत लागले. भरतकामाचे दोन तास कापून सृष्टिज्ञानाला मिळवायला मला मुख्य बाईंशी वर्षभर भांडावं लागलं. सामान तेच आहे, करवंट्या, कंदिलाची काच, जास्वंद, पपईचे देठ. निवळीचा पाठ मात्र मी तुमच्यासारखा घेत नाही. मी टेबलावर दोन बाटल्या ठेवते, एकीत निवळी, दुसरीत विहिरीचं पाणी, आणि मुलींना म्हणते, यांतली कोणती कोणती ते मला न विचारता शोधून काढा. त्या वास घेतात, उजेडात धरतात, बोट बुडवून चोळतात, भांडतात. मग कोणीतरी देठ घेऊन फुंकते. एक बाटली पांढरी होते, दुसरी होत नाही, आणि वर्गात जो गलका होतो तो मुख्य बाईंच्या खोलीपर्यंत जातो. ते चेहरे मी आता दरवर्षी बघते. ही युक्ती मला आत्याने शिकवली, तुम्ही नाही.

आज गलका चालला असताना एक मुलगी दारातच उभी होती. मिठागरवाल्याची मुलगी, वर्गात सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणारी. मी आत ये म्हटलं तर खाली मान घालून म्हणाली, "बाई, मी आज बाजूला हाय. मी इथूनच बगतंय." मी तिला आत बोलावलं. टेबलापाशी उभं केलं, नवा देठ हातात दिला, निवळीची बाटली तिच्यापुढे सरकवली. तिने दोन वेळा माझ्याकडे बघितलं, मग फुंकलं. पाणी पांढरं झालं, अगदी इतरांच्याइतकंच. ती हसली, आणि मागच्या बाकावरची एक तर चक्क रडायला लागली.

एवढं झाल्यावर मी तुमच्यावर इतकी का रागावून आले, ते आता लिहायला हवं. मुलींना दिसलं नाही, पण ती टेबलाजवळ आली तेव्हा माझा हात आधी बाटलीवर गेला होता, बाटली मागे ओढायला. क्षणभरच, मग मी ती पुढे सरकवली. घरी येईपर्यंत वाटभर मी स्वतःला सांगत होते की तो हात तुमचा होता. तुमचा नव्हता, अण्णा. माझाच होता.