ती निजली आहे, असं तू म्हणालीस

मावशी, तू तुरुंगाच्या दवाखान्यात वारलीस त्याला आता अकरा वर्षं झाली. तुला काही लिहावं असं इतक्या वर्षांत वाटलं नव्हतं. आज दुपारी, का कोण जाणे, मुलुंडची आपली खोली डोळ्यांसमोर आली. तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी, समोर लांबवर मिठागरं, आणि त्या पांढऱ्या ढिगांवरून येणारा उजेड इतका की घरातली भांडीसुद्धा पाण्यात बुडाल्यासारखी दिसायची. त्या उजेडात तू ओट्याशी उभी आहेस. मी नऊ वर्षांची, बालगृहातून तुझ्याकडे सांभाळायला दिलेली, आणि तू माझ्या हातात घावण्याच्या पिठाची वाटी देतेस. "घाई करू नको गो. तवो तापलो काय आपणच सांगता." मी तव्याकडे कान लावून उभी राहते. तू हसतेस. त्याआधी कुणी माझ्यामुळे हसलेलं मला आठवत नाही.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तू मला भांड्यांच्या दुकानात नेलंस आणि स्टीलच्या डब्यावर माझं नाव कोरून घेतलंस. बालगृहात ताटं, चादरी, सगळ्यांवर नुसते नंबर असायचे. दुकानदाराचं ते यंत्र घरघरत होतं आणि मी प्रत्येक अक्षर उमटताना बघत होते. मला वाटलं, आता मला इथून कुणी नेऊ शकत नाही.

दोन वर्षांनी बालगृहातूनच ती आली. चार वर्षांची, डोळे मोठे, बोलणं जवळजवळ नाहीच. घास गालात धरून तासभर बसायची, गिळायची नाही. रात्री अंथरूण ओलं करायची. पहिले काही दिवस तू तिला मांडीवर घेतलंस, गाणी म्हटलीस. मग तुझा आवाज बदलत गेला. "माका बघून मुद्दाम तोंड मिटता," म्हणायचीस. ती तुला कोणत्याच नावाने हाक मारत नव्हती, आणि मला वाटतं तेच तुला सगळ्यात जास्त लागलं. मला मात्र ती दीदी म्हणायची. एकदा मी तिला गॅलरीत नेऊन, मिठागरावरचे बगळे दाखवत दाखवत अख्खी वाटी भात भरवला. तू मागे येऊन उभी राहिलीस. "तू मधे पडू नको. ती तुझी लेक नाय." त्यानंतर मी मधे पडले नाही.

महिन्यातून एकदा बालकल्याण समितीच्या मॅडम यायच्या. त्यांच्याशी बोलताना तू मालवणी बाजूला ठेवायचीस. भर मे महिन्यात तिला पूर्ण बाह्यांचा फ्रॉक घातलेला बघून त्यांनी विचारलं, "एवढ्या उकाड्यात?" तू म्हणालीस, "डास चावतात हो तिला." मॅडम माझ्याकडे वळल्या. "सगळं ठीक आहे ना गं?" त्या बाह्यांखाली काय होतं ते मला माहीत होतं. "हो ना, एकदम झकास," मी म्हणाले. तू मला जास्तीचं बिस्किट दिलंस आणि मी ते खाल्लं.

पुढच्याच महिन्यातली ती दुपार. मी शाळेतून येते. खोलीभर तोच उजेड. ती चटईवर झोपलीय, केस ओले, नीट विंचरलेले, आणि तू उशाशी बसून तिच्या कपाळावरून हात फिरवतेयस. त्या पहिल्या दिवसांनंतर इतक्या मायेने तू तिला कधी हात लावला नव्हतास. "निजलाहा. आवाज करू नको." मी पाय न वाजवता जेवले, ताट घासलं. मग तिच्या पायावर चादर ओढायला गेले तर पाय गार होता. मी तुझ्याकडे पाहिलं. तू खिडकीकडे बघत म्हणालीस, "माझो हात उठलो गो. चेडू भिंतीर आपाटला." थोड्या वेळाने शेजारी जमले तेव्हा पोर भिंतीवर आपटल्याचं न सांगता तू त्यांना सांगितलंस की ती मोरीत घसरून पडली.

कोर्टात न्यायाधीशबाईंनी मला आधी पाणी प्यायला लावलं. "तुला कधी मारलं का त्यांनी?"

"नाही."

"आणि तिला?"

"हो." तू चटईशेजारी बसून जे म्हणालीस तेही मी सांगितलं. तुला जन्मठेप झाली. मी परत बालगृहात गेले.

एकोणीस वर्षांची झाल्यावर मी एकदाच तुला भेटायला आले. जाळीपलीकडे तू केवढीशी झाली होतीस. पहिला प्रश्न, "जेवलंस?" मग मी विचारलं, "तिची आठवण येते?" तू म्हणालीस, "तू तरी माझ्या बाजून बोलाक व्हया होतंस." मी उठून आले. वर्षभराने मॅडमचा फोन आला, तू गेल्याचा.

आता मी घाटकोपरला एका बालवाडीत शिकवते. एखादं मूल घास गालात धरून बसलं की मी त्याच्यासमोर बसून राहते. बाकीची मुलं खेळायला जातात, खोली शांत होते, आणि कधीतरी ते मूल आपोआप गिळतं. एवढंच करायचं होतं, मावशी. नुसतं बसायचं होतं.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. तू वाईट होतीस असं मी सगळ्यांना सांगते, आणि ते खरं आहे. पण तू गेल्याचा फोन आला त्या दिवशी मी बाथरूमचा नळ सोडून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात टॉवेल धरून रडले. तिच्यासाठी मी तशी कधीच रडले नाही.