कडा

मुलुंड (पूर्व),
९ जानेवारी २०२५

प्रिय ऋतिकाताई,

नमस्कार. पोटातल्यालाही. आठवडाभर लिहितो लिहितो म्हणतोय, पण पेन धरलं की बाहेरून कोणीतरी हाक मारतं. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मी विषय सोडून पळतो, म्हणून कागद.

तुझ्या बाळंतपणासाठी खोली रिकामी केली. बाळाच्या कपड्यांचं कपाट मीच बनवलं, एमडीएफचं, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचं. पण रंगाने वाट लावलीय यार! समोरची बाजू झकास. कापलेल्या कडा मात्र नुसता भुसा, कितीही रंग पाजा, पितच जातात. वर टॉवेलसारखी लव उभी राहते. पेंटवाला जयवंत म्हणाला, "शहाण्या, कडांना आधी सीलर मार, सुकू दे, घास, परत मार. तुला गाडी पकडायचीय काय?"

गाडीवरून आठवलं, गोव्यात एका हॉटेलात काम मिळतंय. ते नंतर.

तर तसं केलं. बोटं सोलवटली, पण कड गुळगुळीत झाली. तळाची एकच राहिली होती. नेमकं तिथे आईने ओलं फडकं मारलं! दुधात बुडवलेल्या पावासारखी फुगली. ओरडलो तर म्हणते, "बाळाचा कपाट ता, धुळीत कसा ठेवचा?" आता परत पहिल्यापासून घासतोय.

तू विचारलेलंस, बाबा काय म्हणाले. मी मेसेज केला, 'सगळं ओके.' ओके काही नाही गं. ते गावी गेलेत, तू येणार हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. आई म्हणाली तू सांग, मी म्हटलं आधी कपाट होऊ दे. धम्मपाल भावोजींशी लग्न केलंस तेव्हापासून त्यांनी तुझं नाव घेतलं नाही, कपाट बघून ते नाव घेतील असं मला का वाटलं, देव जाणे. आई म्हणते, पोटुशी पोर दारात उभी राहिली की हाकलणार थोडेच. पण तुला तसं दारात उभं करायला मला नाही जमणार.

थांब, बेल वाजली.

ताई, बाबा आलेत. होळीपर्यंत येणार नव्हते. पिशवी खाली न ठेवता कपाटासमोर उभे आहेत. "सुयोग, ह्या कोणासाठी रे?" आईने स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडलाय. एरवी मी एव्हाना चपला घालून सटकलो असतो.

आता जाऊन तुझं नाव घेतो. ते काय म्हणतात ते खरं तेच कळवीन. तोवर निघू नकोस.

अजून घरातच असलेला,
सुयोग