शाळा कोण झाडतं

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुझ्या हयातीत हे पत्र लिहिलं असतं तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मध्येच तू "फालतू नको वाचू, पुढचं सांग" म्हणून मला थांबवलं असतंस. आता तू जाऊन इतकी वर्षं झाली की निवांत लिहिता येतं. पांढुर्णा आता जिल्हा झालाय. मी तिथल्या शिक्षणाच्या कचेरीत आहे आणि खेड्यापाड्यांतल्या सरकारी प्राथमिक शाळा तपासत फिरते. ही चांगली, ती बरी, तिसरीत सुधारणा हवी, असा अहवाल देते. लोक मॅडम म्हणतात, चहा पाजतात. पण शाळांची तपासणी मी पहिल्यांदा पाहिली ती तुझी, ऐंशीच्या दशकातल्या एका जुलैत, तुझं बोट धरून.

त्या साली मला पहिलीत घालायचं होतं. शाळा होत्या तीन. एक आपल्या गावची, दुसरी सौंसरच्या सडकेवरची, तिसरी नाल्यापलीकडच्या वस्तीतली. बोरगावच्या बाजारात बाया लुगडी पाहतात तशा तू त्या पाहिल्यास, उलटून-पालटून, कोणाचंही न ऐकता. निंदणाचे, शेतातलं तण काढायचे दिवस होते, मालकीण निरोपावर निरोप धाडत होती, आणि तू मजुरी पाडून मला घेऊन शाळेच्या कुंपणाशी उभी. तेही घंटा व्हायच्या आधी. "इतक्या लवकर काय पाहून राहिली वं?" मी कुरकुरायची. तू म्हणायचीस, "थांब ना पोरी. कोण झाडते ते पाहू दे." आपल्या गावच्या शाळेकडे मात्र तू फिरकलीच नाहीस. का, ते मला सडकेवरच्या शाळेच्या दिवशी कळलं.

ती शाळा मला पाहताक्षणी आवडली होती. सिमेंटचा ओटा, निळ्या खिडक्या, घंटेसाठी आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा. आवारात दोन मुली वाकून झाडत होत्या, त्या गावच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या, आपल्याच लोकांच्या. बाकीची पोरं ओट्यावर पाय हलवत बसली होती. तू त्यातल्या एकीला कुंपणाजवळ बोलावलंस. "आज तुही पाळी हाये काय बाई?" ती म्हणाली, "पाळी कायची? आमीच झाडतो रोज." ती हे इतक्या सहज म्हणाली की मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तुझी माझ्या हातावरची पकड मात्र घट्ट झाली आणि आपण परत फिरलो. मी रस्ताभर भोकाड पसरलं. मला निळ्या खिडक्याच पाहिजे होत्या. तू आधी दटावलंस, मग पाठीत एक धपाटा घातलास, आणि शेवटी बाभळीखाली बसवून, तुझ्या स्वभावात नसलेल्या हळू आवाजात बोललीस. "मी आपल्याच गावच्या शाळेत चार दिवस गेली. चारी दिवस आंगण झाडलं. अक्षर कसं असते, कोणी दाखवलं नाही. मंग गेलीच नाही. तुले झाडाले नाही धाडत मी." मी रडायची थांबले. समजलं म्हणून नव्हे, तुला तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं म्हणून.

नाल्यापलीकडच्या शाळेत पाहण्यासारखं काहीच नव्हतं. छपराचे कवेलू फुटलेले, गुरुजी एकच, पाचही वर्ग एका खोलीत दाटीवाटीनं. पण आवारात झाडू कोणाच्या हातात, तर ज्यांच्या संत्र्याच्या बगीच्यात तू कामाला जायचीस त्यांच्या नातवाच्या. बिचारा केर पुढे लोटायचा सोडून स्वतःच्याच पायांवर ओढून घेत होता, आणि मागून गुरुजी धोतर खोचून टोपलं भरत होते. तू कुंपण ओलांडून आत गेलीस. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"गुरुजी, इथं झाडते कोण?"

"ज्याची पाळी असन तो. आज याची अन् माही."

"अन् माह्या पोरीची?"

"येईन ना तिचीही. इथं शिकाले आली तं झाडाले लागनच."

तू माझा हात पुन्हा घट्ट धरलास. मला वाटलं, झालं, ही पण शाळा गेली, आता मी तुझ्यासारखीच निंदायला जाणार. तेवढ्यात त्या पोरानं तुला ओळखलं. त्याचा चेहरा उजळला आणि त्यानं घरच्या सवयीनं झाडू सरळ तुझ्यापुढे धरला. "ये बाई, तू झाड ना."

गुरुजी थांबले. तो मालकाचा नातू होता, आणि दुसऱ्या दिवशी तुला त्याच बगीच्यात जायचं होतं. तुझा हात नेहमीसारखा पुढे झाला, अर्ध्यात थांबला, आणि तू तो मागे घेतलास.

"नाही रे राजा," तू म्हणालीस, "आज माही पाळी नाही."

आणि तू हसलीस. पदर तोंडाला न लावता, दात दिसेपर्यंत, शाळेच्या आवारात उभी राहून. गुरुजीही हसले. पोरगं फुरंगटून पुन्हा झाडायला लागलं. मालकिणीनं पुढे कित्येक दिवस तुला टोमणे मारले, ते तू मान खाली घालून ऐकलेस, पण माझं नाव त्याच सकाळी पहिलीत घातलं गेलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? राहील माझ्याजवळच. फक्त एक सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी घरी जाताना तू विचारलंस, "आवडली ना शाळा?" मी म्हटलं, हो, गुरुजी चांगले आहेत. पुढेही कोणी विचारलं की तेच सांगत आले. खरं म्हणजे मला ती शाळा मुळीच आवडली नव्हती, माय. मी हो म्हटलं ते तू पुन्हा एकदा तशी हसावीस म्हणून.