हलकी दांडी

मंगळवार, संध्याकाळ

आजारपणानंतर अप्पांना त्यांची गोल्फची फेअरवे वुड, म्हणजे लांब फटक्याची काठी, पेलवेना, म्हणून तिला बसवायला हलकी दांडी आणली. सोबत आधीच्याच वजनाची एक, निवडायला. हलकीच घेतील, दुसरं काय?

अप्पांनी हलकी हातात घेतली आणि पलंगाला टेकवून ठेवली. मग जड दांडी माझ्याशेजारी उभी करून मापली. लहानपणी मी पाचोडला मेंढरांमागं जायचो तेव्हा माझी काठी अशीच मापायचे. ज्याची काठी, त्याच्याच अंगाला लावून.

"हीच बसव," म्हणाले.

"अप्पा, ही तुम्हाला पेलायची नाय."

"मला कशाला आता? तू खेळशील. हलकी तुला काय कामाची!"

हलकी दांडी अजून त्यांच्या पलंगाला टेकून उभी आहे. दुकानात परत द्यायची का? मला तर ती उचलवत नाय.