आत्याला कपाळ दे

मुक्काम कैलाहून, ९ ऑक्टोबर २०१४

प्रिय वांडीदादा,

तेन्नेचा नमस्कार. दुकान चालू असेल. फ्रीटाउनला तांदूळ महागला म्हणे. इथे कसावाचा पाला परसात माजलाय, खायला माणसं नाहीत.

साथीमुळे घराभोवती दोरी आहे, आतलं काही बाहेर जात नाही. नर्सबाई दोरीपलीकडून हा कागद उतरवून घेतील. अक्षर त्यांचं, बोलणं माझं.

आई गेल्याचं तुला कळलंच आहे. पांढऱ्या कपड्यांतली माणसं घेऊन गेली. आंघोळ नाही, रडणं नाही. मीही रडले नाही. भात करपतो, तसाच खाते. काही वाटत नाही मला, दादा.

तुझा फोन घेत नाही, कारण याटा जवळच असते. लेक तुझी आहे, सगळं टिपते. तिच्यासमोर हे बोलवत नाही.

आजारी मावशीला भेटून आई परतली, तेव्हा नाक्यावर ताप मोजायची बंदूक घेऊन मीच उभी होते. थोरांच्या कपाळावर बंदूक रोखणं बरं दिसत नाही, म्हणून आम्ही सगळेच त्यांचा ताप मनगटावर घ्यायचो. लढाईत आईने खरी बंदूक कपाळाशी पाहिलेली. त्यात तुझा निरोप, की या तापाच्या बंदुकीच्या किरणांनी मेंदू सुकतो. मोबाइल दुरुस्त करणारा मुलगा म्हणजे आईला किरणांचा डॉक्टरच. तेव्हाही ती तुझ्याशीच बोलत होती. कानाचा फोन न काढता तिने त्याच हाताचं मनगट माझ्याकडे वळवलं.

"वांडी सांगतोय, डोक्याला लावू देऊ नकोस."

ताप दिसला नाही. मी नाक्यावरची दोरी उचलली. घरी येऊन ती याटाला कुशीत घेऊन झोपली.

मागाहून नर्सबाईंनी बंदुकीच्या डब्यातला कागद वाचून दाखवला. बंदुकीतून मेंदू सुकवणारं काही निघत नाही, ती नुसती अंगाची ऊब टिपते. उलट जवळ मोबाइल चालू असला तर तीच गोंधळते, तो हातभर लांब ठेवायचा. आईच्या वेळी मनगटाने चुकलं की फोनने, कोण सांगणार. तुझा राग येतो का ते मी पाहिलं. तोही येत नाही.

आता याटाचं. ताप लवकर कळला तर उपचाराच्या तंबूतली काही मुलं वाचतायत. पण बंदूक काढली की ती दोन्ही हातांनी कपाळ झाकते आणि मनगट पुढे करते. काल तिने भात न खाता टाकला. हात ओढून धरले तर घर डोक्यावर घेते. म्हणते, "बाबांना विचार."

तर पत्र मिळताच फोन कर. माझा फोन घराला दोरी लागायच्या आधीच नाक्यावरच्या शिपायाकडे दिलाय, तो दोरीबाहेरून तिला ऐकवील. मी बोलणार नाही. तूही आईचं काही काढू नकोस, मला काही समजावू नकोस. याटाला एवढंच म्हण, की बाबा चुकले होते, आत्याला कपाळ दे.

बंदूक हातात घेऊन तिच्या उशाशी बसलेली,
तुझी
तेन्ने